बाराखडी पाठ आहे, मग वाचन कुठे अडलंय?

पत्र : मॅडम, नमस्कार. आम्ही सातपूरला राहतो. माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी शाळा, सेमी इंग्रजी. बाराखडी विचारली की न अडखळता म्हणतो. पुस्तकातला धडाही घडाघडा वाचतो, असं मी समजत होते. मागच्या आठवड्यात सहज धड्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर त्याला तो वाचता येईना. पहिल्या ओळीपासून म्हणत आला तेव्हा कुठे तो शब्द सापडला. मला धक्काच बसला. त्याचे पप्पा म्हणतात, रोज दहा वेळा बाराखडी लिहून घे. शेजारच्या ताईंनी त्यांच्या मुलीला फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या, क्लासला घातलंय, त्या म्हणतात तूही घाल. माझ्या सासूबाई सटाण्याकडच्या, घरात अहिराणी बोलतात आणि हा त्यांच्याशी अहिराणीतच बोलतो. 'डोळा' वाचताना 'डोया' म्हणतो. शाळेत सांगितलं की घरात अहिराणी बंद करा, त्यामुळेच तो मागे पडतोय. सासूबाईंना हे कसं सांगू? क्लास लावू का? दिवाळीच्या सुट्टीत काय करून घेऊ? — एक आई, सातपूर, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार. आधी उत्तरं देऊन टाकते, कारणं मागून सांगते. क्लास आत्ता लावू नका. दहा वेळा बाराखडी लिहिणं आजपासून बंद. आणि सासूबाईंना काहीही सांगायचं नाही. उलट दिवाळीच्या सुट्टीत निम्मं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं आहे.

मधल्या शब्दावर बोट ठेवलंत, हे फार बरं केलंत. पुष्कळ आईबाप 'घडाघडा' ऐकून खूश होतात आणि चौथीत गेल्यावर जागे होतात. तुमच्या मुलाचा कान तल्लख आहे. वर्गात चाळीस पोरं एका सुरात धडा म्हणतात, तो त्याने ऐकून ऐकून पाठ केला. ही त्याची हुशारीच, लबाडी नव्हे. त्याला रागावू नका. फक्त त्या वेळी त्याचे डोळे पुस्तकावर असतात आणि काम सगळं कान करतो. बाराखडीचंही तेच. तबल्याचे बोल तोंडपाठ असले म्हणून हात वाजत नाही.

आता त्याचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं. त्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५ पासून गावोगावी होतं. त्यात कार्यकर्ते घरी जाऊन मुलापुढे एक साधा कागद ठेवतात : आधी सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचतं ती त्याची पायरी. हेच तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करा. अक्षरं ओळीने लिहू नका, उलटसुलट लिहा : स, ट, म, ळ, घ, प, व. मग बिनकान्याचे दोन-तीन अक्षरी शब्द : घर, बस, मगर. मग कान्याचे : नाक, पान, कमान. मग वेलांटीचे, उकाराचे. आणि शेवटी एक गंमत करा, खोटे शब्द लिहा. 'मपा', 'नाबल', 'काबस'. त्याला सांगा, ही भुतांची भाषा आहे, वाचून दाखव. खोटा शब्द कुणी पाठ केलेला नसतो. तो वाचला, तर समजायचं पोरगं खरंच अक्षरं जोडून वाचतंय. नाही वाचला, तर कुठे थांबला ते तारखेसकट लिहून ठेवा. अभ्यास तिथून सुरू होईल, दुसरीच्या पुस्तकातल्या चालू धड्यापासून नाही.

माझा अंदाज, तो सुट्या अक्षरांपर्यंत ठीक असेल आणि जोडताना अडकत असेल. बहुतेक मुलं तिथेच अडकतात आणि त्याला आपलीच शिकवण्याची पद्धत कारण असते.

एक म्हणजे चित्रांचे तक्ते. 'क कमळाचा, ग गणपतीचा, ड डमरूचा.' तक्ता वाईट नाही, पण मूल त्यातून अक्षराचा आवाज उचलण्याऐवजी चित्राचं नाव उचलतं. वर्गात मी 'गड' हा शब्द दाखवला की एखादं पोर हमखास म्हणायचं, 'गणपती, डमरू.' हसू येतं, पण त्याच्या परीने ते बरोबर सांगत असतं. तुमच्याकडे भिंतीवर असा तक्ता असेल तर काढू नका, पण त्याला विचारताना 'हे कशाचं?' असं विचारू नका; 'हे कसं वाजतं?' असं विचारा.

दुसरं कारण बाराखडीच्या मांडणीत आहे. क, का, कि, की… आपण आडवं म्हणत जातो. एकच क आणि त्याची बारा रूपं. मूल ते गाण्यासारखं एका चालीत म्हणतं. वाचनाला त्याच्या उलट लागतं : काना एकच आणि अक्षरं वेगवेगळी. का, मा, ना, पा, ला, बा. असं उभं म्हटलं की पोराच्या ध्यानात येतं, ही शेजारची काठी आली की प्रत्येक वेळी तोंड 'आ' करून उघडायचं. ते एकदा उमगलं की नवं अक्षर शिकल्या शिकल्या त्याला काना लावता येतो, कुणी पाठ करून घ्यायची गरज उरत नाही. आपली ३४ व्यंजनं आणि १२ रूपं धरली तर चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्या सगळ्या पाठ करून कुणी वाचायला शिकत नाही.

म्हणून सुट्टीसाठी मी तुम्हाला फक्त आठ अक्षरं देते : न, र, स, क, म, प, ल, ब. आणि एक काना. का ही? ती दिसायला एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत आणि यांतून भसाभस शब्द तयार होतात. नाक, कान, मान, पान, साप, पाल, लाल, रान, बाक, कमान, सामान, काका, मामा, बाबा. वाक्यंसुद्धा होतात. 'काका, बसा.' 'मामा, पान कापा.' 'बाबा, साप!' पोरगं स्वतः वाचून ते वाक्य उलगडतं आणि खिदळतं. आपण वाचलं आणि त्यातून काहीतरी कळलं, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळत असेल. जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापा, मिठाईच्या खोक्याचे चालतील. एकेका चौकोनावर एकेक अक्षर, काना वेगळ्या पट्टीवर. जमिनीवर पसरा आणि त्याला शब्द लावू द्या. वहीपेन्सिल नंतर.

जोडताना एक अडचण हमखास येते. पोर 'स… र… ब… त' असं सुटं म्हणतं, प्रत्येक अक्षर ताणून, आणि 'सरबत' काही त्याला ऐकू येत नाही. कारण आपण लिहितो चार अक्षरं आणि बोलतो 'सर्-बत्'. प्रत्येक अक्षरातला 'अ' आपण पूर्ण म्हणत नाही. यावर उपाय असा की त्याला ताणून म्हणू द्यायचं, मग तेच थोडं भरभर, मग आणखी भरभर, आणि आपण गप्प राहायचं. मधेच शब्द सांगून टाकायचा मोह आवरा. तीनदा भरभर म्हटलं की एकदम डोळे चमकतात, 'सरबत!' तो शब्द पकडायला त्याच्या डोक्यात सरबत आधीपासून असावं लागतं. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या मुलाने 'मोट' कधी पाहिली नाही, नाव ऐकलं नाही, ते 'मो-ट' अगदी बरोबर वाचेल आणि तरी तुमच्या तोंडाकडे बघत बसेल, कारण हे बरोबर आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही. बोलण्यातले शब्द जितके जास्त, तितकं वाचन सोपं. सासूबाईंची गरज इथे लागते.

तर अहिराणी. तो 'डोळा' ला 'डोया' म्हणतो. ताई, अहिराणीत ळ च्या जागी य येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. पोराने ळ पाहिला, शब्द ओळखला, अर्थ लागला आणि त्याने तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. याहून चांगलं वाचन कोणतं? शंका असेल तर चाचणी सोपी आहे. अक्षरांच्या ढिगातून ळ काढायला सांगा. काढला तर वाचनात काही खोट नाही. मग एवढंच सांगायचं, 'आजी डोया म्हणते, पुस्तकवाले डोळा म्हणतात.' तोही हसून दोन्ही म्हणेल. मुलं दोन बोलींचा घोळ घालत नाहीत, घोळ मोठ्यांचा होतो. शाळेतल्या बाईंचा हेतू वाईट नसेल, त्यांना वर्गात एकसारखं वाचन हवं असतं; पण घरची बोली बंद करा हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सातव्या वर्षी पोराकडे जे शब्द आहेत, त्यातले निम्मे आजीकडून आलेले आहेत. ते बंद करून बदल्यात काय देणार?

आपल्या शेजारच्याच पालघर जिल्ह्यात, वाड्याला, मराठी मुलं वाचायला कशी शिकतात याचा अभ्यास काही वर्षं चालला होता. 'लिरिल' असं त्या प्रकल्पाचं नाव, आणि कर्नाटकातलं यादगीर हे त्याचं दुसरं ठिकाण. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गांत बसून जे पाहिलं ते आपल्या ओळखीचंच आहे : सगळा जोर अक्षरं घटवण्यावर, आणि गोष्ट ऐकणं, बोलणं, स्वतःचं काही लिहिणं हे 'नंतर बघू' म्हणून बाजूला. तो 'नंतर' बऱ्याच मुलांच्या वाट्याला येतच नाही. दोन्ही कामं बरोबरीने चालली पाहिजेत. अक्षरांचं काम वेगळं, शब्दसाठ्याचं वेगळं, आणि एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं सुरू करायचं नाही असा काही नियम नाही.

तर सुट्टीत सटाण्याला जाणार असाल तर सोबत कोरी वही न्या. आजीबरोबर मळ्यात गेला की तिथे वस्तूंची नावं उडत असतात. वाफा, बांध, चाळ, उळं (कांद्याचं बी), दावं, रोप. शहरात 'चाळ' म्हटलं की माणसं राहतात ती, तिकडे कांदा राहतो तीही चाळ. हे त्याला स्वतःला शोधू द्या. संध्याकाळी घरी आल्यावर आजीने विचारायचं, आज काय पाहिलं? तो जे सांगेल ते तुम्ही त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचं. 'आजीने उळं टाकलं. मी पाणी दिलं. बैलाने माझ्याकडे बघितलं.' तीनच ओळी. अहिराणीत बोलला तर अहिराणीत लिहा, खाली मराठीत लिहा. दुसऱ्या दिवशी ते त्याला वाचायला द्या. सगळी अक्षरं शिकलेली नसली तरी तो वाचेल, कारण मजकूर त्याचाच आहे. 'म्हणजे परत पाठांतरच ना?' असं तुम्ही म्हणाल. म्हणून वाचून झालं की मधल्या शब्दावर बोट ठेवायचं. तुम्हाला ती युक्ती आता माहीतच आहे.

नवा शब्द एकदा सांगून भागत नाही. 'ओलसर' म्हणजे काय ते सांगण्यापेक्षा वाळत घातलेल्या टॉवेलला हात लावून म्हणा, 'अजून ओलसर आहे.' मग दोन दिवसांनी माती, मग केस. तीन वेगळ्या ठिकाणी भेटला की शब्द त्याचा झाला. अर्थ पाठ करायला लावू नका. वहीच्या मागे 'शब्द-अर्थ' अशा दोन रांगा काढून पाठ करवणारे पालक मला भेटतात. त्या रांगेतला एक तरी शब्द मुलाच्या तोंडून जेवताना ऐकलाय का, असं मी त्यांना विचारते.

काना पक्का झाला, म्हणजे आठ अक्षरांवर तो न थांबता वाचायला लागला, की पुढे सरका. हळूहळू अक्षरं वाढवा : त, घ, ग, ट, व, ड, ळ, च. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवू नका. भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांनाही लांब ठेवा. एक हातात बसलं की मगच त्याचा जुळा आणायचा. मात्रांमध्ये कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्या, मग एक मात्रा आणि काना-मात्रा, मग उकार. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवा. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. 'पिसं' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, जिभेला आधी प लागतो. लहान मुलाला हा व्यवहार उलटा वाटतो आणि त्याचं बरोबरच आहे. रफार आणि जोडाक्षरं तिसरीत बघू. 'सूर्य' मधला र कुठे बसलाय हे पाहून मोठी माणसंही लिहिताना चुकतात.

च आणि ज बद्दल एक सांगून ठेवते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. 'चाक' मधला च वेगळा वाजतो, 'चार' मधला वेगळा. अक्षर तेच. तसंच 'जागा' आणि 'जेवण'. तो चुकीचा वाचला तर 'चूक' म्हणू नका. 'दुसरा च लावून बघ' एवढंच म्हणा. दोन्ही लावून बघेल आणि जो शब्द ओळखीचा वाटेल तो ठेवेल. मराठी वाचणारा प्रत्येक माणूस हेच करतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही.

वेळ किती द्यायचा? सकाळी दहा मिनिटं पुठ्ठ्याची अक्षरं, रात्री झोपताना दहा-पंधरा मिनिटं तुम्ही वाचून दाखवायचं. रात्रीच्या वाचनात त्याची परीक्षा नको. 'हा शब्द वाच बरं' असं मधेच म्हणालात की गोष्टीची मजा गेली. बोट मात्र ओळीखालून फिरवत राहा आणि पान उलटण्याआधी विचारा, 'आता काय होईल रे?' एकच गोष्ट आठवडाभर मागत असेल तर वाचा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती ओळीकडे लक्ष देऊन बघायला लागतात.

दिवसभरात मधे वेळ मिळाला की कानाचे खेळ खेळा, कागद नको. भाजी निवडताना 'म' ने सुरू होणाऱ्या भाज्या सांग. मेथी, मिरची, मुळा, मका. टाळ्या वाजवून तुकडे : टो-मॅ-टो, द्रा-क्षं. तुकडे जमले की जरा अवघड : 'कान' मधला क काढून प घाल, काय झालं? पान. म घातला तर? मान. मोठ्यांना हे पोरकट वाटतं. पण जे मूल कानाने शब्दाचे तुकडे करू शकत नाही, त्याला डोळ्याने ते जोडता येणं अवघड जातं.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. नाशिककरांना या बाबतीत कमी नाही. सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४० पासून आहे. एखाद्या रविवारी मेनरोडला कपडे घ्यायला जाल तेव्हा मुलाला घेऊन तिथे डोकावा आणि लहान मुलांची पुस्तकं कुठे आहेत विचारा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ मध्ये इथूनच सुरू झाला, पुस्तकांच्या पेट्या घरोघरी जातात. तुमच्या कॉलनीतल्या दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन विचारणा करायला हरकत नाही. मोबाईलवर वाचायचं तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' फुकट आहे, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या आहेत. सगळ्यात खालच्या पातळीपासून घ्या, दुसरीत आहे म्हणून वरची नको. एका पानावर एखादी ओळ आणि मोठं चित्र असलेली पुस्तकं 'बाळांची' म्हणून नाकारू नका. आणि रस्त्यावरच्या पाट्या आहेतच. 'रस', 'वडापाव', 'साबण', 'दवाखाना'. त्र्यंबक रोडने येता-जाता बसच्या खिडकीतून बघायला सांगा, 'कान्याची पाटी दिसली की ओरड.' बसमधले लोक बघतील. बघू द्या.

आता त्याच्या पप्पांचं. त्यांना मदत करायची आहे, ही चांगली गोष्ट आहे, फक्त ती वेगळ्या कामाला लावा. लिहून घ्यायचंच असेल तर बाराखडी नको, श्रुतलेखन घ्या, रोज पाच शब्द, शिकलेल्या अक्षरांतलेच. पप्पांनी शब्द म्हणायचा, त्याने आवाज ऐकून लिहायचा. 'सामान' च्या जागी 'समन' लिहिलं तर लाल रेघ मारू नका. त्याने तीनही आवाज बरोबर पकडलेत, काने राहिलेत. पप्पांनी लिहिलंय तसंच वाचून दाखवायचं, 'समन', आणि विचारायचं, मला हवं होतं ते हेच का? बहुतेक वेळा तो स्वतः काने घालेल. दहा वेळा उतरवण्यात हात दमतो, डोकं रिकामं राहतं.

क्लासचा प्रश्न राहिला. फोनिक्स हे इंग्रजी वाचनासाठी आहे आणि त्यासाठी ते चांगलंच आहे. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४, अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसराच. म्हणून आपली पोरं 'कॅट' ला 'सी-ए-टी' म्हणतात. आपल्या लिपीत तो त्रास नाही, अक्षराचं नाव तोच त्याचा आवाज. मराठीत अडकलेल्या मुलाला त्या क्लासने मराठी वाचता येणार नाही. उलट एकाच वेळी दोन लिप्यांची जोडाजोड त्याच्या डोक्यावर पडेल. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे ए पासून झेड पर्यंत क्रमाने शिकवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात करतात, कारण त्यांतून लगेच शब्द तयार होतात. तुम्हाला मी न, र, स, क, म, प, ल, ब दिली त्यामागे तोच विचार आहे. एकदा मराठीत 'आवाज जोडला की शब्द होतो' ही गोष्ट त्याला उमगली की इंग्रजीत ती नव्याने शिकवावी लागत नाही. तेव्हा लावा क्लास, हवा असेल तर.

घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेनेसुद्धा समजून वाचता येण्यासाठी तिसरीची अखेर धरली आहे, दुसरीची दिवाळी नाही. आपल्यासारख्या लिप्यांमध्ये वेळ लागतोच. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालू असलेलं दिसलं. शेजारची मुलगी पुढे गेली असेल तर जाऊ द्या.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. सुट्टीतच त्याचे डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करत असेल, पुस्तक नाकाला लावत असेल तर लगेच. आणि सारखी सर्दी होऊन कान भरत असेल, 'काय? काय?' विचारत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला प आणि ब मधला फरक कसा कळणार? अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटीचा) विचार इतक्यात करू नका. ती तपासणी सहसा तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या आसपास होते. संक्रांतीपर्यंत रोज नेमाने करूनही आठ अक्षरं जोडता आली नाहीत, तर तेव्हा मला परत लिहा.

शाळेतल्या बाईंशीही बोला, तक्रारीच्या सुरात नको. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागा आणि सांगा, 'तो पाठ म्हणतो, जोडून वाचत नाही, मी घरी अमुक अमुक घेतेय, वर्गात सध्या कोणती मात्रा चालू आहे?' चाळीस मुलांच्या वर्गात एकाचं पाठांतर लक्षात न येणं साहजिक आहे. कळल्यावर बहुतेक बाई त्याला पुढच्या बाकावर घेतात. अहिराणीचा विषय निघाला तर भांडू नका, ळ ची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवा.

क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. भरून बसला असाल तर प्रवेश जूनपर्यंत पुढे ढकलता येतो का विचारा. आणि कॅलेंडरवरच्या चाचणीत तो कुठल्या पायरीवर थांबला, भुतांचे कोणते शब्द वाचता आले आणि कोणते नाही, ते मला कळवा. पुढची अक्षरं त्यावरून ठरवू.